चुनखडीच्या मुलखात बॅटरीचा विचार

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना येथे समाजबांधव व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या कार्यक्रमांतून समाज, शिक्षण, आरोग्य, नोकरी या विषयांवर नेहमी बोलले जाते. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या वेळी विज्ञानातील एखादा चालू प्रश्न समजावून सांगा, असा आग्रह धरला. म्हणून मी कॅल्शियम धातूची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी आणि तिच्यासाठी लागणारा चांगला इलेक्ट्रोलाइट हा विषय निवडला. नाव अवघड वाटले तरी घाबरू नका. यातले कॅल्शियम आपल्या हाडात आहे, पानाला लावायच्या चुन्यात आहे, आणि आपण जिच्यावर उभे आहोत त्या जमिनीतही आहे.

आपल्या भागातील काळी जमीन खणली की खाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात. मोसंबीच्या बागेत चुनखडी जास्त असली तर पाने पिवळी पडतात, हे बागाईतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो मुख्यतः कॅल्शियमचाच क्षार. पलीकडे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत याच चुनखडीच्या जोरावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. पृथ्वीच्या कवचात भरपूर असलेल्या मूलद्रव्यांत कॅल्शियमचा क्रमांक पाचवा लागतो. लिथियम मात्र जगातल्या मोजक्या देशांतूनच येते. आपल्या देशात जम्मू-काश्मीरच्या रियासी भागात ५९ लाख टन लिथियम खनिजाचा प्राथमिक अंदाज भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला; पण अंदाज आणि प्रत्यक्ष खाण यांत मोठे अंतर असते.

आता कोणी विचारेल, आम्हाला बॅटरीचे काय? बंधूंनो, आज बॅटरी नाही असे घर दाखवा. मोबाइल आहे, टॉर्च आहे, इन्व्हर्टर आहे. शेतात फवारणीचा पंप पूर्वी हाताने दांडा मारून चालवावा लागे, तो आता बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. सौर पंप दिवसा उन्हावर पाणी उपसतो, पण रात्री मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा ऊन नसते. सूर्याची वीज रात्रीपर्यंत साठवून ठेवायची असेल तर स्वस्त, टिकाऊ आणि निर्धोक बॅटरी हवी. ती महाग राहिली तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याच घरात उजेड राहील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे यांच्या धोरणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही, हा विचार त्यांनी १९४३ साली मांडला. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले. तेव्हा विजेचा प्रश्न हा गरिबाचा प्रश्न आहे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. त्या काळी प्रश्न वीज निर्माण करण्याचा होता. आज त्यात वीज साठवण्याच्या प्रश्नाची भर पडली आहे.

प्रथम बॅटरी चालते कशी ते पाहू. कोणत्याही बॅटरीत तीन मुख्य गोष्टी असतात: एक ऋण पट्टी, एक धन पट्टी आणि दोघींच्या मध्ये इलेक्ट्रोलाइट, म्हणजे तुमच्या शाळेच्या पुस्तकातला विद्युत अपघटनी पदार्थ. बॅटरी वापरताना ऋण पट्टीतील धातूचा अणू आपले इलेक्ट्रॉन सोडतो. हे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात आणि दिवा लावतात. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेला अणू, म्हणजे आयन, इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडच्या धन पट्टीकडे जातो. चार्ज करताना हाच प्रवास उलटा होतो. आयन परत येऊन ऋण पट्टीवर धातू म्हणून बसला पाहिजे. ज्या बॅटरीत हे परतणे नीट होते तीच पुन्हा पुन्हा चार्ज होते. म्हणून इलेक्ट्रोलाइट हा दोन गावांमधला रस्ता समजा. गावे कितीही चांगली असली तरी रस्ता खचला तर एसटी येत नाही.

इलेक्ट्रोलाइटने दोन कामे करायची असतात. आयनाला वाट द्यायची, आणि इलेक्ट्रॉनला मात्र आतून वाट द्यायची नाही. इलेक्ट्रॉनही आतूनच गेले तर बाहेरचा दिवा लागणार नाही आणि बॅटरी आतल्या आत संपेल.

१८५९ साली गास्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी तयार केली. ट्रॅक्टरची आणि इन्व्हर्टरची बॅटरी आजही बहुधा त्याच जातीची असते. तिच्यात ॲसिड आणि पाणी हा इलेक्ट्रोलाइट. गमतीची गोष्ट अशी की कॅल्शियम या बॅटरीत आधीच पोहोचले आहे. पाणी टाकावे न लागणाऱ्या बॅटरीच्या शिशाच्या जाळीत थोडे कॅल्शियम मिसळतात. त्यामुळे पाणी कमी उडते. पण तिथे कॅल्शियम मदतनीस आहे. आपण ज्या बॅटरीबद्दल बोलतो आहोत तिच्यात तेच मुख्य काम करणार आहे.

कॅल्शियमला हे काम का द्यायचे? त्याची तीन-चार कारणे आकड्यांनी सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावीत. पहिले कारण, कॅल्शियमचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, लिथियमचा अणू एकच देतो. दुसरे, कॅल्शियमचे प्रमाण विभव उणे २.८७ व्होल्ट आहे आणि लिथियमचे उणे ३.०४ व्होल्ट. म्हणजे दाबाच्या बाबतीत कॅल्शियम फार मागे नाही. तिसरे, एक घन सेंटिमीटर कॅल्शियम धातूत सुमारे २०७० मिलिअँपिअर-तास एवढा प्रभार साठू शकतो; लिथियम धातूतही जवळपास तेवढाच साठतो. वजनाच्या हिशेबात मात्र लिथियम पुढे आहे. एक ग्रॅम लिथियम सुमारे ३८६० देते आणि एक ग्रॅम कॅल्शियम सुमारे १३४०. तरीही आजच्या मोबाइलच्या बॅटरीत ऋण पट्टीला जे ग्रॅफाइट वापरतात ते ग्रॅममागे ३७२ च देते. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या मोबाइलला, केवळ हिशेबापुरते, पावणेचार ग्रॅम कॅल्शियम पुरेल. चौथे कारण, लिथियम १८० अंशांच्या आसपास वितळते, तर कॅल्शियमला वितळायला ८४२ अंश तापमान लागते.

एवढे गुण असताना ही बॅटरी बाजारात का नाही? याचे एक मोठे उत्तर इलेक्ट्रोलाइटमध्ये आहे.

सर्वांत सोपा इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाणी. पण कॅल्शियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला की हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे चुना उरतो. म्हणजे पाणी बाद झाले. मग पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक घ्यायचे आणि त्यात कॅल्शियमचा एखादा क्षार विरघळवायचा. तिथे दुसरी अडचण उभी राहते. कॅल्शियम धातू इतका तापट आहे की तो द्रावकाशीही झगडतो, आणि त्या झगड्यातून धातूच्या अंगावर एक पातळ थर चढतो.

चुन्याची निवळी उघडी ठेवली तर तिच्यावर साय धरते, हे तुम्ही पाहिले असेल. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून ती होते. बॅटरीतला थर वेगळ्या क्रियेने होतो, पण झाकण बसल्यासारखा परिणाम तोच. लिथियमवरही असा थर येतो. फरक एवढाच, की लिथियमचा थर आपल्या आयनाला आरपार जाऊ देतो आणि खालच्या धातूचे रक्षणही करतो. लिथियम बॅटरी चालते ती या थराच्या कृपेने. कॅल्शियमच्या आयनावर दुप्पट प्रभार असतो. थरातील ऋण प्रभाराचे कण त्याला घट्ट धरून ठेवतात. तो थरात अडकतो, पलीकडे जातच नाही. चार्जर कितीही वेळ लावून ठेवा, धातू परत बसत नाही.

इस्रायलमधील डोरॉन ऑरबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली वेगवेगळ्या सेंद्रिय द्रावकांत कॅल्शियमचा अभ्यास करून हीच गोष्ट दाखवली. योगायोग पाहा, त्याच १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. लिथियमच्या कामाबद्दल २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅल्शियमचे काम मात्र पुढची पंचवीस वर्षे जवळजवळ थांबल्यासारखे होते.

ही कोंडी २०१६ साली फुटली. स्पेनमधील बार्सिलोनाच्या संशोधकांनी कॅल्शियम टेट्राफ्लुओरोबोरेट हा क्षार कार्बोनेट जातीच्या द्रावकांत विरघळवला आणि सेल ७५ ते १०० अंशांपर्यंत तापवला. तेव्हा कॅल्शियम पट्टीवर बसू लागले आणि पुन्हा निघूही लागले. पण शंभर अंश म्हणजे चहाचे आधण. असा सेल खिशात कोण ठेवणार? तरी अशक्य वाटणारी गोष्ट शक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पुढचे पाऊल २०१८ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी टाकले. त्यांनी कॅल्शियम बोरोहायड्राइड हा क्षार टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात घेतला. आता साध्या खोलीच्या तापमानाला धातू बसू लागला. इथे धातूवर तयार झालेल्या थरात कॅल्शियम हायड्राइड होते आणि तो थर आयनाला अडवत नव्हता. उणीव अशी की हा क्षार स्वतःच फार क्रियाशील असतो. जास्त व्होल्टच्या धन पट्टीसमोर तो टिकत नाही. शिवाय ते द्रावक पटकन उडणारे आणि पेट घेणारे आहे.

२०१९ साली जर्मनीतील आणि कॅनडातील संशोधकांनी वेगळा विचार केला. क्षारातील ऋण आयन आकाराने मोठा करायचा आणि त्याचा प्रभार त्याच्या सर्व अंगावर पसरवायचा, म्हणजे तो कॅल्शियमला घट्ट धरून ठेवणार नाही. त्यासाठी त्यांनी बोरॉनभोवती फ्लोरिन असलेले चार गट जोडून क्षार तयार केला. तो चार व्होल्टच्या आसपासही तग धरतो. मात्र फ्लोरिन सुटून कॅल्शियम फ्लोराइडचा थर बसण्याची भीती राहिली. जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली फ्लोरिन पूर्णपणे वगळले आणि बोरॉन, कार्बन व हायड्रोजन यांच्या पिंजऱ्यासारख्या आयनाचा क्षार वापरला. २०२३ साली त्याच विद्यापीठाने कॉपर सल्फाइडची धन पट्टी घेऊन असा सेल ५०० वेळा चालवून दाखवला. २०२४ साली चीनमधील फूदान विद्यापीठाने कॅल्शियम-ऑक्सिजन बॅटरी खोलीच्या तापमानाला ७०० वेळा चार्ज करून दाखवली आणि ती धाग्याच्या रूपात विणता येते हेही दाखवले.

हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. पण विज्ञानात टाळीच्या आधी हिशेब करायचा असतो. तो हिशेब आपण इथेच करू. समजा एखाद्या इलेक्ट्रोलाइटमध्ये गेलेल्या शंभर आयनांपैकी पंच्याण्णव परत येतात. परीक्षेत पंच्याण्णव टक्के म्हणजे मोठे यश. बॅटरीत मात्र चौदा वेळा चार्ज केल्यावर धातू निम्माच उरेल. शंभरातील नव्व्याण्णव परत आले तर तो सुमारे एकोणसत्तर वेळांनंतर निम्मा होईल. हजारातील नऊशे नव्व्याण्णव परत आले तर सुमारे सातशे वेळांनी. सौर दिव्याची बॅटरी रोज एकदा चार्ज होते. ती पाच वर्षे टिकायची तर अठराशेहून अधिक वेळा तिने इमानाने काम केले पाहिजे. प्रयोगशाळेत सुरुवातीलाच जास्तीचा धातू घालून ही तूट काही काळ झाकता येते, म्हणूनच 'इतके वेळा चालली' एवढे ऐकून समाधान मानू नये.

मग चांगला इलेक्ट्रोलाइट कोणता म्हणायचा? एक, त्यात कॅल्शियमचा क्षार नीट विरघळला पाहिजे आणि आयन मोकळा फिरला पाहिजे. दोन, धातूवर येणारा थर आयनाला वाट देणारा हवा. तीन, धन पट्टीच्या जास्त व्होल्टलाही तो टिकला पाहिजे. चार, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, तो उडून किंवा पेटून जाता कामा नये. पाच, तो स्वस्त असला पाहिजे. आजचे चांगले क्षार तयार करणे अवघड आहे आणि ते दमट हवेत खराब होतात. आर्गॉन वायू भरलेल्या बंद काचपेटीत हातमोजे घालून ते हाताळावे लागतात. यापैकी दोन-तीन अटी पाळणारे द्रावण मिळाले आहे. पाचही पाळणारे अजून मिळायचे आहे. धन पट्टीचाही प्रश्न शिल्लक आहे. दुहेरी प्रभाराचा हा आयन तिच्यात शिरतो फार सावकाश.

एक गैरसमजही दूर करतो. चुनखडी आपल्या शेतात आहे म्हणून उद्या इथे बॅटरी होईल, असे नाही. चुन्यातून धातू काढायला तो ॲल्युमिनियमच्या भुकटीबरोबर निर्वातात सुमारे १२०० अंशांना तापवावा लागतो. कच्चा माल मुबलक असणे ही फक्त सुरुवात आहे. त्याचे सोने करायला विद्या लागते. विद्या नसेल तर आपण खडे विकू आणि बॅटरी विकत घेऊ.

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या जवळची आहे. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या फोडण्याचे, शिसे वितळवण्याचे काम कोण करते? शहरांच्या कडेला, वस्त्यांत, भंगारावर पोट असलेली माणसे करतात, आणि त्यात आपलेही लोक आहेत. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि ते नुकसान भरून येत नाही. शिशाला चांगला पर्याय निघाला तर त्याचा पहिला फायदा या मुलांना होईल. तोपर्यंत एवढे करा: जुनी बॅटरी घरी फोडू नका, तिचे ॲसिड नालीत ओतू नका, ती दुकानदाराकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नीट प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी. हे संशोधन बार्सिलोना, ऑक्सफर्ड, तोहोकू अशा दूरच्या ठिकाणी चालले आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मनात आणू नका. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले, त्यामागे पुण्याच्याच आयसर या संस्थेबरोबरचे काम आहे. सोडियम हे मिठातले मूलद्रव्य, म्हणजे तेही लिथियमला स्वस्त पर्याय शोधण्याचेच काम. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. त्याच १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. मराठवाड्यातील गरिबांची पहिली पदवीधर पिढी तिथून बाहेर पडली. आणि आपल्या जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, आयसीटीचे, मराठवाडा केंद्र सुरू आहे. रसायन अभियांत्रिकी शिकायला आता मुंबईलाच गेले पाहिजे असे राहिलेले नाही.

वाट सांगतो. बारावी विज्ञानाला गणित सोडू नका. आयसरला प्रवेश हवा असेल तर त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. बी.एस्सी. करणाऱ्यांनी पुढे जॅम, नेट, गेट या परीक्षांची माहिती आताच मिळवावी. पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टी संस्थेकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती दिली जाते. तिची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवा, कागदपत्रे आणि जातपडताळणी वेळेत करून ठेवा. हुशार मुलगा केवळ एका दाखल्यासाठी मागे राहतो, हे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या संस्थेने असा एक माहितीफलक लावावा आणि कार्यकर्त्यांनी तो दर महिन्याला बदलावा, अशी माझी विनंती आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलीला रसायनशास्त्राची आवड असेल तर 'डी.एड. कर, लवकर नोकरी लागेल' एवढाच सल्ला देऊन थांबू नका. इलेक्ट्रोलाइटचे काम चिकाटीचे आहे. एक क्षार, एक द्रावक, एक प्रमाण घ्यायचे, नाण्याएवढा सेल बांधायचा, आठवडाभर चार्ज करायचा, नोंद करायची आणि पुन्हा सुरुवात करायची. पिढ्यान्‌पिढ्या कष्टाची सवय असलेल्या घरातली मुले या कामात कमी पडणार नाहीत.

शेवटी, वर्तमानपत्रात 'बॅटरीत क्रांती' अशी बातमी आली तर पाच प्रश्न विचारायला शिका. कोणत्या तापमानाला चालली? किती वेळा चालली? शंभरातले किती आयन परत आले? सेल केवढा होता? आणि ती करायला खर्च किती आला? ज्या समाजाला असे प्रश्न विचारता येतात त्याला कोणी फसवू शकत नाही. बॅटरीपुरतेच नाही, योजनेपासून औषधापर्यंत सगळीकडे हीच सवय उपयोगी पडते.

कॅल्शियमची बॅटरी कधी दुकानात येईल, याची तारीख कोणीही प्रामाणिक माणूस आज देणार नाही. अडचण कुठे आहे, हे मात्र आता जगाला नेमके ठाऊक आहे. ती सोडवणाऱ्यांच्या यादीत आपल्या घनसावंगी तालुक्यातील एखाद्या मुलीचे किंवा मुलाचे नाव असावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.



जय भीम! जय भारत!